न घडलेल्या घटनेची नोंद

(पडद्यावर एक लोखंडी कपाट उघडते. एकावर एक रचलेल्या फायलींमधून एक हात जाडजूड फाइल बाहेर काढतो. नावाच्या जागेवर कोरा कागद चिकटवलेला आहे.)

या माहितीपटात एकाही मुलाचा चेहरा दिसणार नाही, एकाही घराचा पत्ता ऐकू येणार नाही. आपल्यासमोर असलेली ही फाइलदेखील चित्रीकरणासाठी नमुन्यादाखल तयार केलेली आहे, कारण खरी फाइल कॅमेऱ्यापुढे उघडता येत नाही आणि उघडूही नये. संयुक्त राष्ट्रसंघाने २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क करारातील १६व्या कलमाने मुलाच्या खासगी आयुष्याला संरक्षण दिले आहे, आणि बालकल्याण क्षेत्रातील ज्या समाजकार्यकर्त्यांच्या व त्यांच्या मार्गदर्शकांच्या कामाविषयी आणि त्या कामाच्या गौरवाविषयी आपण बोलणार आहोत, ती माणसे हे कलम रोज पाळतात. मुलाचे दुःख कोणाच्याही गौरवाचे साहित्य होऊ नये, हे त्यांनी कामाच्या पहिल्या दिवसापासून मनाशी धरलेले असते.

इथूनच अडचण सुरू होते. बालकल्याण क्षेत्रातील समाजकार्यकर्त्याचे काम उत्तम झाले की सहसा काहीच घडत नाही. मुलाला पुन्हा मार बसत नाही, मूल घरातून पळून जात नाही, भावंडांची ताटातूट होत नाही, शाळेच्या हजेरीत खाडा पडत नाही. न घडलेल्या घटनेची बातमी होत नाही आणि तिचे छायाचित्रही काढता येत नाही. काम फसले तर मात्र त्याच कार्यकर्त्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते आणि चौकशी समितीपुढे त्याची फाइल पानापानाने वाचली जाते. ज्या व्यवसायात चूक तेवढी दिसते आणि कौशल्य दिसत नाही, तिथे उत्कृष्टता ओळखायची असेल तर ती शोधावी लागते, आणि कुठे शोधायची हे आधी समजून घ्यावे लागते.

(जुन्या शहरातील दाट वस्तीचे रेखाचित्र.)

१८७३ च्या डिसेंबर महिन्यात न्यूयॉर्कमध्ये कडाक्याची थंडी पडली होती. गरीब वस्तीत घरोघरी जाऊन लोकांची विचारपूस करणाऱ्या एट्टा व्हीलर नावाच्या मिशनच्या कार्यकर्तीच्या कानावर एका लहान मुलीच्या छळाची गोष्ट आली. शेजारी एक बाई आजारी होती. तिच्याकडे जरा लक्ष द्याल का, असे विचारण्याच्या निमित्ताने व्हीलर त्या घरात गेल्या. तिथे त्यांनी जे पाहिले ते त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. अंगाने जेमतेम पाच वर्षांची वाटणारी, प्रत्यक्षात नऊ वर्षांची असलेली एक मुलगी ठेंगण्या स्टुलावर ठेवलेल्या भांड्यात बशा धूत होती आणि जवळजवळ तिच्याच वजनाच्या तव्याशी झटत होती. टेबलावर चामड्याच्या वाद्या पिळून केलेला चाबूक पडला होता, आणि तिच्या काटकुळ्या हातापायांवर त्याच्या वापराच्या खुणा होत्या.

या नोंदीत पाहण्यासारखे बरेच आहे. व्हीलर त्या घरात थोडाच वेळ होत्या आणि बोलणे शेजारणीविषयी चालले होते, तरी तेवढ्या वेळात त्यांनी मुलीचे वय आणि अंगकाठी यांतली तफावत, स्टुलाची उंची, तव्याचे वजन, टेबलावरची वस्तू आणि त्या वस्तूशी जुळणाऱ्या खुणा एवढे सगळे टिपले. घरातल्या बाईशी त्या भांडल्या नाहीत आणि मुलीला उचलून घेऊन बाहेरही धावल्या नाहीत, कारण तसे केले असते तर ते दार त्यांच्यासाठी कायमचे बंद झाले असते. त्यानंतर कित्येक आठवडे त्या एकेका दारी जात राहिल्या. पोलिसांना पुरावा हवा होता, आणि मुलांसाठी चालणाऱ्या संस्थांचे म्हणणे असे की मूल कायदेशीर मार्गाने आमच्याकडे आले तर आम्ही सांभाळू. अखेर त्या प्राण्यांवरील अत्याचारांविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांच्याकडे गेल्या. पालकत्वाचा दावा करणाऱ्यांकडून मूल काढून घ्यायचे तर साक्ष पक्की हवी, असे सांगून बर्ग यांनी त्यांच्याकडे लेखी निवेदन मागितले. व्हीलर यांनी ते लिहून दिले आणि त्यानंतर मात्र चक्रे झपाट्याने फिरली.

मेरी एलन विल्सन हे त्या मुलीचे नाव. एप्रिल १८७४ मध्ये तिचे प्रकरण न्यायालयात उभे राहिले आणि सांभाळ करणाऱ्या बाईला एक वर्षाची शिक्षा झाली. मुलीला कायद्याने 'प्राणी' ठरवून तिची सुटका केली, अशी एक आख्यायिका आजही सांगितली जाते; ती खरी नाही. बर्ग यांनी एक नागरिक म्हणून वकील एल्ब्रिज गेरी यांच्या मदतीने हे प्रकरण लढवले होते. त्याच वर्षाअखेर, केवळ मुलांच्या संरक्षणासाठी स्थापन झालेली पहिली संस्था न्यूयॉर्कमध्ये उभी राहिली.

न्यायालयातील दृश्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हाला त्याहून मोलाचे वाटते ते नंतरचे. निकाल लागल्यावर मेरी एलनला आधी जिथे ठेवले होते ती जागा तिच्यासाठी योग्य नाही, असे व्हीलर यांना वाटले आणि त्यांनी तिला आपल्या आईकडे नेण्याची परवानगी मिळवली. आई वारल्यावर व्हीलर यांच्या बहिणीने तिला वाढवले. मेरी एलनचे पुढे लग्न झाले, तिला मुली झाल्या आणि ९२ वर्षांचे आयुष्य जगून ती १९५६ मध्ये वारली. आपल्या एका मुलीचे नाव तिने एट्टा ठेवले होते.

एट्टा व्हीलर यांना शिकवणारे कोणी नव्हते, कारण शिकवावे असा हा व्यवसायच तेव्हा अस्तित्वात नव्हता. पुढच्या काही दशकांत धर्मादाय संस्थांमधील पगारी कार्यकर्ते नव्या स्वयंसेवकांबरोबर बसून त्यांच्या गृहभेटींची चर्चा करू लागले, आणि मार्गदर्शनाची ही परंपरा तिथून सुरू झाली. १८९८ मध्ये न्यूयॉर्कला उन्हाळी प्रशिक्षणवर्ग भरला, १९१७ मध्ये समाजकार्याच्या अमेरिकी अभ्यासक मेरी रिचमंड यांनी माहिती कशी गोळा करावी आणि तिचा अर्थ कसा लावावा याचे पहिले मोठे शास्त्रशुद्ध विवेचन पुस्तकरूपाने मांडले, आणि १९७६ मध्ये समाजकार्याचे अमेरिकी प्राध्यापक आल्फ्रेड कॅडुशिन यांनी पर्यवेक्षकाच्या कामाचे प्रशासन, शिक्षण आणि आधार असे तीन पदर सांगितले. कॅडुशिन यांचे हे तीन शब्द आज जगभरच्या अभ्यासक्रमांत आहेत. प्रत्यक्षात अनेक कार्यालयांत पहिला पदर तेवढा उरतो, म्हणजे भेटी किती झाल्या, अहवाल वेळेत गेला का, रकाने भरले का. दुसरा आणि तिसरा पदर ज्याने जपला, त्याला आम्ही मार्गदर्शक म्हणतो.

(फाइलचे आतले पान. टंकलिखित मजकुरावर पेन्सिलीच्या खुणा आहेत.)

आता आपण ही फाइल उघडू. तरुण कार्यकर्तीने तिसऱ्या गृहभेटीनंतर लिहिले आहे : 'मुलगी आनंदी दिसली. आईचे सहकार्य चांगले आहे.' या दोन वाक्यांखाली मार्गदर्शिकेने पेन्सिलीने रेघ ओढली आहे आणि समासात एकच प्रश्न लिहिला आहे : 'तू काय पाहिलेस?'

त्या आठवड्याच्या बैठकीत दोघी समोरासमोर बसतात. मार्गदर्शिकेने फाइल आधीच वाचून ठेवली आहे, त्यामुळे बैठकीचा वेळ फाइल चाळण्यात जात नाही. ती विचारते, "आनंदी म्हणजे नेमकी कशी?" कार्यकर्ती आठवून सांगते की मुलगी हसली, चित्र दाखवायला आली, मात्र चित्र दाखवण्याआधी तिने आईकडे पाहिले होते. "आणि आई खोलीबाहेर गेली तेव्हा?" कार्यकर्ती थांबते. "ताई, आई खोलीबाहेर गेलीच नाही." पुढचे काही क्षण कोणी काही बोलत नाही. मग मार्गदर्शिका म्हणते, "मग मुलीशी तुझे बोलणे अजून झालेलेच नाही."

या वाक्यात दटावणी नाही. जे कार्यकर्तीच्या नजरेसमोर घडले होते आणि तरीही तिला दिसले नव्हते, ते तिचे तिलाच सापडावे इतका वेळ मार्गदर्शिकेने तिला दिला. मुलाला आपले मत मांडण्याचा हक्क आहे, असे बालहक्क कराराचे १२वे कलम सांगते. ते कलम तिने उद्धृत केले नाही, पण पुढची भेट शाळेत आणि मुलीशी एकटीने व्हावी, असे ठरले तेव्हा तेच कलम अमलात आले. फाइलमध्ये चौथ्या भेटीची नोंद आहे आणि ती वेगळ्या भाषेत आहे. 'आनंदी' हा शब्द तिथे नाही. मुलीने कोणते शब्द वापरले, कोणत्या प्रश्नानंतर तिने दप्तराचा बंद ओढून धरला, कोणता विषय निघताच ती मोकळी झाली, हे सारे आहे. निरीक्षण एका परिच्छेदात आणि त्यावरचा तर्क दुसऱ्या परिच्छेदात लिहिला आहे, आणि तर्काखाली तो चुकीचा असण्याची शक्यताही नोंदवली आहे.

त्या शेवटच्या ओळीकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. ब्रिटनमधील बालसंरक्षणाच्या अभ्यासक आयलीन मन्रो यांनी १९७३ ते १९९४ या काळात प्रसिद्ध झालेल्या बालअत्याचारविषयक ४५ चौकशी अहवालांचा अभ्यास करून १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले होते. एकदा बांधलेला अंदाज बदलायला व्यावसायिक फार वेळ लावतात; जी माहिती ताजी, ठसठशीत किंवा भावनेला भिडणारी असते ती मनात ठाण मांडते, आणि जुन्या कागदांतली कोरडी पण महत्त्वाची नोंद मागे पडते, असे त्यांना दिसले. हा माणसाच्या विचार करण्याच्या पद्धतीतलाच दोष आहे, त्यामुळे केवळ हुशार किंवा प्रामाणिक असल्याने तो टळत नाही. दुसऱ्या कोणीतरी शांतपणे बसून 'याचा दुसरा अर्थ काय असू शकेल' असे विचारावे लागते. म्हणून आमच्या मते ज्या कार्यकर्त्याच्या फाइलमध्ये 'माझा पूर्वीचा अंदाज चुकीचा होता' असे कारणासह लिहिलेले सापडते, त्याचे काम पुरस्कारांच्या निवड समितीने सर्वांत आधी वाचावे.

असे विचारणारे कोणी नसले तर काय होते, हेही इतिहासात नोंदलेले आहे. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिम्बिए ही आठ वर्षांची मुलगी तिच्या सांभाळकर्त्यांच्या छळाने मरण पावली. लॉर्ड लॅमिंग यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल जानेवारी २००३ मध्ये आला. तिला वाचवता येईल अशा बारा संधी यंत्रणेने घालवल्या, असा निष्कर्ष त्यात काढला होता आणि १०८ शिफारशी केल्या होत्या. जिच्याकडे हे प्रकरण होते ती कार्यकर्ती अनुभवाने कमी होती, तिच्यावर मर्यादेपेक्षा अधिक प्रकरणांचा भार होता आणि तिला मिळणारे पर्यवेक्षण अपुरे होते, हेही या चौकशीतून पुढे आले. लोकांच्या स्मरणात अशा वेळी कार्यकर्तीचे नाव राहते. तिच्या टेबलासमोरची मार्गदर्शकाची खुर्ची रिकामी होती, हे फारसे कोणाला आठवत नाही.

(कार्यालयातील एक टेबल. फायलींचे दोन ढीग. दूरध्वनी वाजत आहे.)

कामाच्या भाराविषयी थोडक्यात बोलू, कारण त्याविना गौरवाची भाषा पोकळ ठरते. अमेरिकेतील चाइल्ड वेल्फेअर लीग या संस्थेच्या मानकांनुसार पालक-कुटुंबांत, म्हणजे मुलाला तात्पुरते सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत, ठेवलेल्या मुलांसाठी एका कार्यकर्त्याकडे १२ ते १५ मुले असावीत आणि एका पर्यवेक्षकाकडे पाच कार्यकर्ते असावेत. ज्या कार्यालयात याच्या दुप्पट भार आहे, तिथे कोणी उत्तम काम करून दाखवले तर त्याला पुरस्कार देऊन तोच भार पुढे चालू ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि मुलांवरही आहे. थकलेला कार्यकर्ता नोकरी सोडतो आणि मुलाला आपली कहाणी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागते. मिलवॉकी येथील २००५ मधील एका पाहणीत असे दिसले की मुलाच्या प्रकरणावरचे कार्यकर्ते जितके अधिक बदलले, तितकी त्याला कायमचे घर मिळण्याची शक्यता घटत गेली. एखाद्या मार्गदर्शकाच्या हाताखालची माणसे वर्षानुवर्षे टिकतात, ही बाब म्हणूनच मुलांच्या हिताशी थेट जोडलेली आहे, आणि ती कार्यालयाच्या हजेरीपटावरून सहज तपासता येते.

ती माणसे का टिकतात, याचे उत्तर कॅडुशिन यांच्या तिसऱ्या पदरात आहे. मूल आईपासून वेगळे करून आणल्यानंतर गाडीत मागे बसलेले ते मूल रडत नाही, खिडकीबाहेर पाहत राहते, आणि पुढे बसलेली कार्यकर्ती घरी गेल्यावर जेवू शकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी तिला पहिला प्रश्न अहवालाविषयी विचारतो. मार्गदर्शक मात्र आधी विचारतो, "तू कशी आहेस?" आणि उत्तर ऐकायला थांबतो. भीती वाटली, राग आला, त्या आईची दया आली, आपण चुकलो की काय या विचाराने झोप लागली नाही, हे बोलायला जागा मिळाली नाही तर यातली प्रत्येक भावना गुपचूप पुढच्या निर्णयात शिरते. एका घरातली भीती घेऊन कार्यकर्ती दुसऱ्या घरात जाते आणि तिथे नसलेला धोका तिला दिसू लागतो, किंवा असलेला दिसेनासा होतो.

(रिकाम्या सभागृहात मांडलेल्या खुर्च्या.)

गौरव करणाऱ्या संस्थांची इच्छा चांगली असते, याविषयी आम्हाला शंका नाही. तरीही निवड करताना थरारक सुटकेच्या कहाण्या पुढे येतात आणि शांतपणे टिकवून धरलेली कुटुंबे मागे राहतात. बालहक्क कराराच्या ९व्या कलमानुसार मुलाच्या हितासाठी आवश्यक असेल तेव्हाच त्याला पालकांपासून वेगळे करायचे असते. त्यामुळे ज्या कार्यकर्त्याने व्यसनात अडकलेल्या वडिलांना उपचारापर्यंत पोहोचवले, आईला घरकामात आणि मुलांच्या संगोपनात हातभार मिळवून दिला, महिनोन्‌महिने पाठपुरावा केला आणि मूल आपल्याच घरी सुरक्षित वाढेल अशी व्यवस्था केली, त्याचे काम सुटकेच्या कामाहून तसूभरही कमी नाही. अशा कार्यकर्त्याकडे सांगण्यासारखा एकही नाट्यमय प्रसंग नसतो. नामनिर्देशनाच्या अर्जात 'उल्लेखनीय प्रसंग' असा रकाना असेल तर तो त्यापुढे काय लिहील?

निवड समितीने नावे आणि ओळखीच्या खुणा काढून टाकलेल्या नोंदी वाचाव्यात. पालक-कुटुंबांना, शिक्षकांना, न्यायालयात अहवाल वाचणाऱ्यांना विचारावे. जी मुले आता मोठी झाली आहेत आणि स्वखुशीने बोलू इच्छितात त्यांचे ऐकावे, मात्र त्यांना मंचावर आणू नये. आणि प्रत्येक कार्यकर्त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : हे काम तुम्हाला कोणी शिकवले? आमचा आग्रह असा आहे की ज्याचे नाव या उत्तरात पुन्हा पुन्हा येते, त्या व्यक्तीचा गौरव कार्यकर्त्यांच्या बरोबरीने आणि त्याच कार्यक्रमात व्हावा, कारण एका चांगल्या मार्गदर्शकाच्या हाताखालून गेलेले दहा कार्यकर्ते ज्या मुलांपर्यंत पोहोचतात, त्या मुलांना त्याचे नावही ठाऊक नसते.

सन्मानपत्राबरोबर आणखीही काही देता येते. अनेक ठिकाणी कार्यकर्ता कामात निष्णात झाला की बढती मिळून मुलांपासून दूर, टेबलामागे जातो. २०११ मधील आपल्या आढाव्यात मन्रो यांनी इंग्लंडच्या प्रत्येक स्थानिक प्राधिकरणात असे एक वरिष्ठ पद असावे अशी शिफारस केली, ज्यावरील समाजकार्यकर्ता प्रत्यक्ष कामाशी जोडलेला राहून साऱ्या संस्थेच्या कामाच्या दर्जाची धुरा वाहील. २०१२ पासून तिथे नव्याने रुजू झालेल्या कार्यकर्त्यांसाठी पहिल्या वर्षाची वेगळी व्यवस्था सुरू झाली. त्यांचा कामाचा भार कमी ठेवला जातो, पहिले सहा आठवडे दर आठवड्याला, नंतर सहा महिन्यांपर्यंत पंधरवड्याला आणि पुढे महिन्यातून एकदा तरी मार्गदर्शनाची बैठक व्हावी अशी अपेक्षा असते. मार्गदर्शनासाठी राखून ठेवलेला असा वेळ, जो तातडीच्या कामाच्या नावाखाली कोणी कापून घेणार नाही, ही आम्ही पाहिलेल्या सर्व गौरवांमधली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे.

(पुन्हा तीच फाइल. पाने उलटत शेवटाकडे जातात.)

फाइलच्या शेवटच्या पानावरची नोंद साडेतीन ओळींची आहे. मुलगी मावशीच्या घरी राहते आहे, आईची भेट ठरलेल्या दिवशी होते, शाळेत हजेरी नियमित आहे आणि मागील सहा भेटींमध्ये चिंतेची बाब आढळलेली नाही, सबब प्रकरण बंद करावे. या नोंदीखाली तरुण कार्यकर्तीची सही आहे, जी पहिल्या पानावरच्या सहीपेक्षा बरीच स्थिर झाली आहे. समासात पेन्सिलीची एकही खूण नाही. तळाशी मार्गदर्शिकेने लिहिले आहे : 'सर्व नोंदी वाचल्या. सहमत.' त्याखाली तारीख आहे.

(फाइल मिटते आणि कपाटात आपल्या जागी जाते. त्याच टेबलावर दुसरी फाइल उघडली आहे. तिच्यात अजून एकच पान आहे.)